कामाच्या ठिकाणाजवळ घर घेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात नोकरीच्या जवळ फ्लॅट घेऊ इच्छिणाऱ्यांची पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांतील चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण आज अनेक घरांत आहे.

प्रश्न : मी हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात, फेज २ मध्ये नोकरी करते. माझे पती पुणे स्टेशनजवळील एका बँकेच्या कार्यालयात आहेत. आम्ही चिंचवडला भाड्याच्या घरात राहतो. सासूबाई आमच्याजवळ असतात आणि मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. ऐंशी लाखांपर्यंतचा टू बीएचके फ्लॅट घेण्याचा विचार असून वाकड, रावेत आणि बालेवाडी हे तीन भाग डोळ्यांसमोर आहेत. माझा पगार जास्त आणि कामाचे तास लांब, म्हणून माझ्या कार्यालयाच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे, असे पतींचे म्हणणे आहे. आम्ही कोणता भाग निवडावा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या पतींचा विचार प्रेमाचा आहे, पण तो एका गृहीतावर उभा आहे. तुमची कंपनी आणि तिचे कार्यालय पुढील वीस वर्षे आज आहे तिथेच राहील, हे ते गृहीत. गृहकर्ज वीस वर्षांचे असते. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरी किंवा एखाद्या प्रकल्पाची जागा मात्र तीन-चार वर्षांतही बदलते, आणि हिंजवडीतील माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला किंवा मगरपट्ट्याला, जातो. म्हणून आजच्या कार्यालयाच्या फाटकापासूनचे अंतर मोजण्याऐवजी, जिथून तुम्हा दोघांनाही शहरातील निदान दोन-तीन नोकरीच्या पट्ट्यांकडे भरवशाने जाता येईल असा भाग शोधावा, असे मला वाटते. अशा भागातून तुमच्या आजच्या कार्यालयापर्यंत आणखी तीन-चार किलोमीटर पडले, तरी ते सोसावेत.

हिंजवडीच्या बाबतीत किलोमीटर तसेही फसवे आहेत. वाकड नकाशावर अगदी शेजारी दिसते. तरी कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्ग ओलांडण्यासाठी बहुतेक वाहने वाकड चौक आणि भूमकर चौक या दोन ठिकाणी गोळा होतात, आणि पुढे बराचसा ओघ हिंजवडीच्या शिवाजी चौकातून आत शिरतो. फेज २ आणि फेज ३ त्याच्याही पलीकडे आहेत. त्यामुळे वाकडमध्येसुद्धा बाह्यवळणाच्या कोणत्या बाजूची इमारत तुम्ही घेता, यावर रोजच्या वीस-पंचवीस मिनिटांचा हिशेब अवलंबून राहतो. घर पाहायला लोक रविवारी सकाळी जातात आणि रस्ता मोकळा पाहून खूश होतात. तुम्ही मात्र जुलैमधील एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, भर पावसात, तुमच्या नेहमीच्या वेळेला त्या इमारतीच्या दारातून निघून कार्यालयापर्यंत जाऊन पाहा आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत या. हाच प्रयोग पतींनी पुणे स्टेशनपर्यंत करावा. दोघांच्या वेळा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहिल्या, की घरातील पुष्कळसा वाद तिथेच मिटेल.

आता भागांविषयी. रावेतला लोक हिंजवडीपासून जरा बाजूला समजतात, परंतु तुमच्या घराचा विचार करता त्याचे एक मोठे बलस्थान आहे, ते म्हणजे आकुर्डी रेल्वे स्थानक. तिथून पुणे–लोणावळा लोकलने तुमचे पती रस्त्यावरच्या कोंडीला न भेटता थेट पुणे स्टेशनला उतरतील. लोकलच्या फेऱ्या मुंबईसारख्या नाहीत, दुपारी मोठी पोकळी असते आणि काही गाड्या शिवाजीनगरहूनच सुटतात. त्यामुळे त्यांच्या कार्यालयाच्या वेळेशी जुळणाऱ्या जाण्या-येण्याच्या गाड्या आधी पाहून ठेवाव्यात. तुम्हाला पुनावळे आणि भूमकर चौकाकडून हिंजवडी गाठावी लागेल. ती वाट सोपी नाही, तरी तुम्ही एकट्याच त्या कोंडीत असाल, दोघे दोन दिशांच्या कोंडीत नसाल. शिवाय चिंचवडमधील तुमचे डॉक्टर, दुकाने आणि ओळखीपाळखी जवळच राहतील. सासूबाईंच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे. नव्या भागात गेलेल्या वृद्ध माणसांच्या एकटेपणाचा विचार घर घेताना सहसा केला जात नाही, तो आवर्जून करावा.

बालेवाडीचे बलस्थान मेट्रो हे आहे. माण ते शिवाजीनगर हा मेट्रोचा तिसरा मार्ग सुमारे २३ किलोमीटरचा आणि २३ स्थानकांचा आहे. तो हिंजवडीच्या फेजेसमधून शिवाजी चौक, वाकड चौक, बालेवाडी, बाणेर आणि विद्यापीठ चौक असा जिल्हा न्यायालयापर्यंत जातो. तिथे पिंपरी-चिंचवड–स्वारगेट आणि वनाज–रामवाडी हे दोन्ही चालू मार्ग एकमेकांना मिळतात, आणि वनाज–रामवाडी मार्गावर पुणे रेल्वे स्टेशनचे स्थानक आहे. म्हणजे बालेवाडीतून तुम्ही एका दिशेला आणि पती दुसऱ्या दिशेला, दोघेही मेट्रोने जाऊ शकाल. उद्या तुमची नोकरी कल्याणीनगरला गेली, तरी तेवढ्यासाठी घर बदलावे लागणार नाही. मात्र या मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली आणि मार्च २०२५ ची मुदत पाळली गेली नाही, हे ध्यानात ठेवा. बालेवाडी–बाणेरचे दरही वाकड-रावेतपेक्षा बरेच चढे आहेत. तुमच्या रकमेत तिथे नवा मोठा फ्लॅट मिळणे अवघड आहे. दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या इमारतीतील लहान फ्लॅटची शक्यता तेवढी तपासून पाहावी.

या सर्वांहून मी ज्या गोष्टीला अधिक वजन देतो ती म्हणजे पाणी. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा करीत आली आहे. पुण्याच्या पश्चिम भागात, विशेषतः बाणेर-बालेवाडीत, टँकरची रांग हे उन्हाळ्यातील नेहमीचे दृश्य आहे. नवीन इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यासाठी वापरण्याची परवानगी, देताना, महापालिकेचे पुरेसे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय स्वखर्चाने करू, असे हमीपत्र बांधकाम व्यावसायिकाकडून घेण्याची पद्धत आहे. सोसायटी स्थापन झाली आणि कारभार रहिवाशांच्या हाती आला, की हा खर्च हळूहळू त्यांच्या माथी येतो. म्हणून विक्री कार्यालयातील 'चोवीस तास पाणी' या वाक्यावर विसंबू नका. त्या इमारतीच्या, किंवा ती नवी असेल तर शेजारच्या इमारतीच्या सोसायटीचे गेल्या वर्षीचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मागा आणि मार्च ते जून या महिन्यांत टँकरवर किती पैसे गेले, हे वाचा. बोअरवेल किती, त्यांतील चालू किती, सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प खरोखर चालतो की केवळ कागदावर आहे, हे सुरक्षारक्षक आणि प्लंबर यांना विचारा. त्यांच्याकडून खरी माहिती मिळते. अनेक कुटुंबे हप्त्याचा हिशेब पै-पैशाने मांडतात, पण दरमहा देखभाल शुल्कात मिसळून येणारा टँकरचा खर्च त्यात धरत नाहीत. मग पहिल्याच उन्हाळ्यात त्यांची ओढाताण सुरू होते.

दुसरी तपासणी नदीची. वाकड, बालेवाडी, पिंपळे निलख हे भाग मुळा नदीच्या वळणांवर आहेत, तर रावेत-पुनावळ्याच्या बाजूने पवना वाहते. मुळशी किंवा पवना धरणातून विसर्ग वाढला, की नदीकाठच्या वाहनतळात पाणी शिरते. जलसंपदा विभागाच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, घर घेऊच नये. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा कुठून जाते, तेही विचारावे. चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील बंगले मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. तिथे आयुष्याची कमाई घालणाऱ्यांत सामान्य नोकरदारही होते. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला, म्हणजे ती जमीन कोणत्या वापरासाठी ठरवली आहे हे सांगणारा कागद, आणि विकास आराखड्याचा भागनकाशा घेतला, तर पूररेषेबरोबरच समोरच्या मोकळ्या जागेवर कसले आरक्षण आहे, हेही कळते. 'नदीचे दर्शन' म्हणून जादा दर लावला जात असेल, तिथे हा कागद पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

शाळेविषयी थोडक्यात सांगतो. मुलीची शाळा घरापासून चालत किंवा रिक्षाने दहा मिनिटांच्या आत असावी. दोघांपैकी एकाला तरी मधल्या वेळी तिथे पोहोचता आले पाहिजे, आणि ते बहुधा तुमच्या पतींना जमणार नाही, हे आजच लक्षात घ्या.

माझे मत रावेत–आकुर्डी या बाजूला झुकते. पण लगेच खरेदी करू नका. आधी तिथेच अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा येईल, आणि पाणी, रस्ता, लोकल, शेजार यांतील कोणतीही गोष्ट कुणाच्या सांगण्यावरून मानावी लागणार नाही. तोपर्यंत तिसऱ्या मेट्रो मार्गाच्या फेऱ्यांचाही अंदाज येईल. दोन्ही बाजूंना मेट्रो उपयोगी पडते असे दिसले, तर बालेवाडीतील जुन्या, छोट्या फ्लॅटकडे पुन्हा वळून पाहता येईल.

प्रश्न : मारुंजी येथे चालू असलेल्या एका गृहप्रकल्पात वाकडपेक्षा बऱ्याच कमी दरात फ्लॅट मिळतो आहे. माझे कार्यालय हिंजवडी फेज १ मध्ये आहे. हा भाग लवकरच पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाईल आणि मग दर दुप्पट होतील, असे मध्यस्थ सांगतो. या भरवशावर फ्लॅट घ्यावा का?
— एक वाचक, थेरगाव

उत्तर : त्या भरवशावर घेऊ नये. आज जे आहे ते पटत असेल, तरच घ्यावा.

हिंजवडी, माण आणि मारुंजी या ग्रामपंचायती आहेत. बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देते, माहिती तंत्रज्ञान उद्यानाची जमीन औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे, गावातील कचरा, गटारे आणि दिवे ग्रामपंचायतीकडे आणि काही रस्ते आणखी तिसऱ्याच यंत्रणेकडे असतात. जून २०२५ मध्ये पावसाने हिंजवडीचे रस्ते तुंबले, तेव्हा नाला कोणाचा आणि रस्ता कोणाचा, हाच वाद अनेक दिवस चालला. अशा ठिकाणी कमी दराने मिळणाऱ्या घराची उरलेली किंमत रहिवासी स्वतःच्या वेळेने आणि मनस्तापाने भरत असतात. पंचायतीला तिच्या मर्यादित उत्पन्नात हजारो फ्लॅटचे पाणी आणि मैला यांची व्यवस्था करणे झेपत नाही. त्यात तिला दोष देण्यासारखे फारसे काही नाही, कारण तिची रचनाच इतक्या मोठ्या वस्तीसाठी झालेली नाही.

महापालिकेत समावेश झाला म्हणजे सोयी आल्या, असेही होत नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली, ज्यात म्हाळुंगे, सूस आणि वाघोली आहेत. तेथील अनेक वस्त्यांत पाणी आणि मैलावाहिन्यांची मागणी अद्याप चालूच आहे, मिळकतकराची बिले मात्र लागू झाली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे तर समावेशानंतर पुन्हा वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. तेव्हा 'लवकरच' या शब्दावर पैसे लावणे धोक्याचे आहे.

तुम्ही मात्र फेज १ मध्ये आहात आणि मारुंजीहून तिथे जाताना बाह्यवळण ओलांडावा लागत नाही. हा फायदा खरा आहे आणि तो तुम्हाला आजच मिळतो. प्रकल्पाला प्राधिकरणाची मंजुरी आहे का, पोहोच रस्ता कायदेशीर आणि आराखड्यातील रुंदीचा आहे का, मैलापाणी कुठे सोडले जाते आणि पाण्याचा स्रोत कोणता, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली, तर पुढे जायला हरकत नाही. पोहोच रस्ता एखाद्या शेतकऱ्याच्या खासगी जमिनीतून तोंडी संमतीने गेला असेल, तर दर कितीही कमी असला तरी तो व्यवहार सोडून द्या.

प्रश्न : मेट्रो स्थानकाशेजारी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यावा, की थोडा लांब पण तयार फ्लॅट घ्यावा? दोन्हींच्या जाहीर किमती जवळपास सारख्या आहेत. बँकेने नव्या प्रकल्पाला कर्ज मंजूर केले आहे, म्हणजे कागदपत्रे निर्दोष आहेत असे समजावे का?
— एक वाचक, औंध

उत्तर : बँकेचा वकील बँकेचे पैसे परत कसे येतील, हे पाहतो. तुमचा वकील वेगळा असावा आणि त्याने निदान तीस वर्षांचा मालकी इतिहास, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि विकसन करारनामा, म्हणजे जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यातील करार, वाचून लेखी अभिप्राय द्यावा. या फीमध्ये काटकसर करणे मला कधीच पटलेले नाही.

जाहीर किमती सारख्या दिसल्या, तरी प्रत्यक्ष खर्च सारखा नसतो. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर साधारणपणे ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटसाठी तो १ टक्का आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटवर हा कर नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के दोन्हींना द्यावे लागतात. खरेदी केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल, तर १ टक्क्याची सवलत मिळते. पन्नास लाख आणि त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का आयकर कापून भरायचा असतो. ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही चालू राहतात. हे सगळे मांडले, तर सारख्या किमतीचे दोन फ्लॅट सात-आठ लाखांनी वेगळे निघू शकतात.

बांधकाम चालू असलेलाच घ्यायचा असेल, तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा देण्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख या दोन्ही पाहा. मूळ तारीख एकदा पुढे गेलेली असेल, तर कारण विचारा. त्याच व्यावसायिकाच्या जुन्या प्रकल्पांत ताबा कधी दिला गेला आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झाले का, याची चौकशी तिथल्या रहिवाशांकडे करा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, तसेच ताब्यापासून पाच वर्षांत बांधणीतील दोष आढळल्यास ते विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी प्रवर्तकावर, म्हणजे बांधकाम व्यावसायिकावर, असते. चटई क्षेत्र, म्हणजे फ्लॅटच्या आतली प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, करारनाम्यात चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. जिना, लॉबी अशा सामाईक जागांचा वाटा धरून 'सेलेबल' म्हणून सांगितलेल्या मोठ्या आकड्याला त्या करारात काही स्थान नाही.

स्थानकाशेजारी असणे आणि स्थानकापर्यंत सुखाने चालत जाता येणे यांत पुष्कळ अंतर असते. पदपथ सलग आहे का, रात्री साडेनऊला त्या वाटेवर दिवे आणि माणसे असतात का, रस्ता ओलांडायला सोय आहे का, हे चालून पाहा. जिथे ही वाट नीट आहे तो तयार फ्लॅट स्थानकापासून एक किलोमीटरवर असला, तरी माझी पसंती त्याला राहील.

प्रश्न : मी कोल्हापूरचा असून नुकताच निवृत्त झालो आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि खराडीत नोकरी करतो. भाड्यात पैसे वाया घालवण्यापेक्षा माझ्या निवृत्तीच्या रकमेतून त्याला तिथेच फ्लॅट घेऊन द्यावा, असे वाटते. आपला सल्ला काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली भावना कोणाही वडिलांची असते तशीच आहे, तरीही मी नको म्हणेन. आपली ही रक्कम पुन्हा उभी राहणारी नाही. मुलाच्या हाती मात्र तीस-पस्तीस वर्षांची कमाई आहे. त्याची नोकरी, तिचे ठिकाण आणि त्याचा संसार या तिन्ही गोष्टी अजून ठरायच्या आहेत. उद्या त्याचा जोडीदार हिंजवडीत नोकरी करणारा असला, तर खराडीतील फ्लॅट शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला पडेल आणि घाईने विकलेल्या फ्लॅटला मुद्रांक शुल्क आणि मध्यस्थी वजा जाता मनाजोगते पैसे येत नाहीत.

त्याला कार्यालयापासून चालत जाता येईल असे घर भाड्याने घेऊ द्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. भाडे देऊन उरलेली रक्कम त्याने दरमहा बाजूला टाकावी. दोन-तीन वर्षांनी त्याने स्वतःच्या कर्जावर घर घ्यायचे ठरवले आणि आपल्याला मदत करावीशी वाटली, तर आपला औषधपाण्याचा आणि घरखर्चाचा निधी पूर्ण वेगळा काढून, उरलेल्यातूनच करावी. कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून सही करण्यापूर्वी मात्र आपल्या पत्नीशी बोलावे, कारण आपल्या पश्चात त्या देण्याचा भार त्यांच्यावर येऊ शकतो.